सहाव्या पानाचं नाव

साडेबारा वाजून गेले तरी नानाजी पानं मांडू देईनात. अखजीचा, म्हणजे अक्षय्य तृतीयेचा, दिवस. बाहेर ऊन असं की अंगणात पाय ठेवायची सोय नाही. पुरणाच्या पोळ्या, आंब्याचा रस, वडे, कढी, सगळा स्वयंपाक दहा वाजताच होऊन झाकून ठेवलेला. देवाच्या खोलीसमोर पाण्यानं भरलेल्या मातीच्या घागरी ओळीनं होत्या आणि प्रत्येकीच्या तोंडावर एकेक आंबा. पितरांसाठी पळसाच्या सहा पत्रावळी धुऊन भिंतीला टेकवल्या होत्या. नानाजी खाटेवर बसून दाराकडे पाहत होते.

"रुखमाबाई आल्याबिगर पान मांडाचं नाई," ते म्हणाले. सकाळपासूनची ही चौथी खेप.

त्यांचा थोरला मुलगा कैलास घागरींवरचे आंबे सरळ करत राहिला. रुखमाबाई येणार नव्हती, आणि ती का येणार नव्हती हे त्या घरात एकट्या त्यालाच ठाऊक होतं. काल संध्याकाळी, इथं गावाकडे यायच्या आधी, पिपरी मेघेच्या आपल्या घराच्या गच्चीवर जाऊन, बायकोच्या कानावर जाऊ नये अशा आवाजात, त्यानं रुखमाबाईच्या नातवाला, सुट्टीवर गावी आलेल्या विक्कीला, फोन केला होता. "आजीले उद्या आणू नका. नानाजीची तब्येत बरी नाई. मंग पाहू." तब्येतीचं खोटं नव्हतं. नानाजींचं हृदय आता कसंबसं चालतंय, असं सेवाग्रामच्या डॉक्टरांनी सांगितलं होतं, आणि पुढची अखजी ते पाहतील असं घरात कुणालाच वाटत नव्हतं. खोटं होतं ते 'मंग'. ते मंग कधी येणार नाही अशीच त्याची तजवीज होती.

कैलास मुख्याध्यापक. शाळेतली पोरं त्याला पाठीमागे 'टाइमटेबल' म्हणत, आणि पोरांचं निदान सहसा चुकत नाही. ज्या गोष्टीला तासिका नाही ती गोष्ट त्याला नको असे. आणि या सहाव्या पानाला तर कुठलीच तासिका नव्हती.

या घरात अखजीला पाच पितरांची पानं मांडत. नानाजींचे आजा-आजी, वडील गुलाबराव, आई भागीरथाबाई आणि दोन वर्षांपूर्वी गेलेली बायको आनंदाबाई. एकेक नाव मोठ्यानं घ्यायचं, पाणी सोडायचं, मग त्या पानावर घरातल्या कुणीतरी बसून जेवायचं. पुरुषाच्या पानावर पुरुष, बाईच्या पानावर बाई. सहाव्या पानाशी मात्र नानाजी नुसतं पाणी सोडत. नाव घेत नसत. कुणी विचारलंच तर "भटकं पितर हाय एक" म्हणून मोकळे. आता ज्याचं नाव नाही, जात नाही, त्याच्या पानावर बसायचं कुणी? आणि मांडलेलं पान परत चुलीकडे नेता येत नाही. म्हणून ते बाहेर जायचं, चिंचेखाली बसलेल्या एखाद्या मजूर बाईला. तिथवर नेऊन द्यायचं काम लहानपणी कैलासकडे होतं.

आनंदाबाईच्या तेरवीच्या दिवशी नानाजींनी नातीजवळ तोंड उघडलं. गुलाबराव मरताना सांगून गेले होते, "भागीरथा तुही माय नाई. तुही माय तुले जन्म देऊन मेली. नाव इचारू नको. पान मांडत जाय." पन्नासेक वर्षं नानाजींनी ते पोटात ठेवलं होतं. "पोरी," ते अपेक्षाला म्हणाले होते, "मले मायच्या नावानं पाणी सोडाचं हाय. एकडाव."

आणि कैलासची ही कन्या पुण्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तिनं आजोबाची थुंकी नळीत घेतली आणि रक्ताचं नातं शोधायच्या तपासणीला पाठवून दिली. कैलास हसला होता. "थुंकीतून माय सापडते व्हय?" सापडली. आधी सापडला विक्की उईके, बंगळुरात नोकरी करणारा, हिंगणीकडच्या एका गावचा. त्याच्या कंपनीनं दिवाळीला सगळ्यांना अशा नळ्या फुकट वाटल्या होत्या, त्यानं गंमत म्हणून थुंकून दिलं होतं. मग अपेक्षानं त्याच्या आजीची नळी मागवली. त्या आजीचं नाव रुखमाबाई. नानाजींच्या खऱ्या मायचं नाव काय होतं, हे ती फोनवर सांगायला तयार नव्हती. "त्या घरी बसून सांगीन," एवढाच तिचा निरोप.

"विक्कीचा फोन लागून नाई राह्यला," अपेक्षा ओसरीवर येऊन म्हणाली.

"नसन यायचं त्यायले," कैलास म्हणाला.

धाकटा भाऊ धनंजय, इथली शेती पाहणारा, खांबाला टेकून बसला होता. तो हलक्या आवाजात म्हणाला, "नाई आले त बरंच हाय, दादा. आज पाणी मागतीन, उद्या वाटा मागतीन."

"काका, एवढ्या वर्षांत कोणी मागाले आलं का?" अपेक्षा म्हणाली. "आपणच त्यायच्या दारात गेलो."

"पर हे खरं कायवरून? गोंडायची एक बाई अन् आपले नानाजी. जुळलं असन काही इकडून तिकडून."

अपेक्षा त्याच्याजवळ टेकली. या काकाला समजावायची तिला हौस होती, कारण काका विचारत तरी होता. बाप विचारतसुद्धा नव्हता. "सख्ख्या भावंडांचं रुपयात आठ आणे जुळते. सख्ख्या आते-मामे भावंडांचं दोन आणे. नानाजीचं अन् रुखमाबाईचं बरोबर दोन आणे निघालं. बरं, मी गुलाबरावाच्या भावाकडल्यांचीबी नळी घेतली. त्यायचं नानाजीशी जुळते, रुखमाबाईशी काहीच नाई. म्हणजे नातं बापाकडून नाई, मायकडूनच. अन् रुखमाबाईच्या मायले बहीण नव्हती, बापाले एकच होती."

धनंजयनं बोटांवर नातं मोजलं. "म्हणजे ते आपल्या नानाजीची मामेबहीण," तो म्हणाला. 'मामेबहीण' हा शब्द त्यानं असा उच्चारला की कैलासला भाऊ हातचा गेल्याचं कळलं.

"तुले तुह्या लग्नाचं काही हाय का नाई?" कैलास लेकीवर घसरला. "हिंगणघाटचे लोक पुढच्या महिन्यात येऊन राह्यले. त्यायच्या कानावर गेलं त?"

"मीच सांगितलं त्यायले, बाबा. मागच्या आठवड्यात."

"काय म्हणले?"

"इचार करून कळवतो म्हणले." अपेक्षा उठली. तिचे डोळे कोरडे होते, आवाज मात्र ओला होता. "करू द्या इचार."

कैलासला लेकीचा राग आला आणि त्या रागाखाली भीती वाटली. तीस वर्षं जपून बांधलेलं नाव कुणाच्या तरी थुंकीत वाहून चाललंय, असं त्याला सरळ सरळ वाटत होतं. तेवढ्यात अंगणाबाहेर ऑटो थांबला.

आधी विक्की उतरला, मग त्यानं हात धरून एका म्हातारीला उतरवलं. हिरवं लुगडं, हातात काठी, डोळ्यांवर जाड भिंगाचा चष्मा. ती घराकडे आली नाही. आधी चिंचेपाशी गेली, बुंध्याला हात लावून उभी राहिली, आणि मग नातवाशी आपल्या भाषेत काहीतरी बोलली. कैलास दारात जाऊन उभा राहिला. त्याचे पाय आपोआप तिकडे गेले होते, बहुतेक अडवायला.

"सर, मी सांगितलं होतं आजीले," विक्की ओशाळून म्हणाला. "तुमचा फोन आलता म्हणून. ऐकतच नाई."

"कोणाचा फोन?" अपेक्षानं विचारलं.

विक्कीनं कैलासकडे पाहिलं आणि मान खाली घातली. एवढं पुरे होतं. स्वयंपाकघराच्या दारात कैलासची बायको मोहिनी उभी होती. सकाळपासून ती नवऱ्याच्या बाजूनं होती, लेकीच्या लग्नाची काळजी तिलाही होती. तिनं नवऱ्याकडे असं पाहिलं की त्याला नजर चुकवावी लागली. मग ती आत गेली, पाण्याचा तांब्या घेऊन आली आणि त्याच्या अंगावरून जाऊन अंगणात म्हातारीच्या पायांवर पाणी घातलं.

"नको म्हणलं ते समजलं होतं मले," रुखमाबाई कैलासला म्हणाली. आवाजात राग नव्हता, रागापेक्षा जड असं काहीतरी होतं. "पर अखजी हाय. अखजीले इथं येणं आमच्या घरचा नेम होता."

कसला नेम, हे कुणालाच कळलं नाही. ती दारापाशी येऊन उंबरठ्याच्या बाहेरच बसू लागली तसे नानाजी खाटेवरून ओरडले, "आत ये, बाई! आत!" आणि ओरडण्यानंच त्यांना खोकल्याची उबळ आली. ती ओसरली तेव्हा ते तिच्या चेहऱ्याकडे पाहत राहिले. "तुले पाह्यलं हाय मी. जंगूची बहीण ना तू?"

"व्हय, पाटील. जंगू माहा भाऊ. तुमच्या वावरात होता."

जंगू कैलासलाही आठवत होता. टोल्यावर, गावाबाहेरच्या वस्तीत, राहणारा, वीसेक वर्षं यांच्याकडे राबलेला, पुढे घर मोडून हिंगणीकडे निघून गेला आणि तिकडेच मेला. घरातला माणूस इतक्या जवळ सापडला याचं कैलासला बरं वाटलं नाही.

"नाव सांग, बाई," नानाजी म्हणाले.

"अदुगर पानं मांडा. पानाजवळ सांगतो."

मोहिनीनं पानं मांडली. पाच मांडून झाल्यावर सहावं हातात घेऊन ती थांबली. दरवर्षी ते दारालगत, ओळीपासून हातभर दूर असे. "हे कुठी?"

"भागीरथाबाईच्या बाजूले," नानाजी म्हणाले. "दोघीबी मायच हाय."

धनंजयनं नानाजींना धरून पाटावर बसवलं. पाच नावं झाली. आनंदाबाईचं नाव घेताना त्यांचा आवाज नेहमीसारखाच कापला. मग त्यांनी हातात पाणी घेतलं आणि रुखमाबाईकडे पाहिलं. खोलीत कूलरचा तेवढा आवाज होता. अपेक्षानं तो बंद केला.

"पंचफुला," रुखमाबाई म्हणाली.

"माय पंचफुला," नानाजी म्हणाले आणि पाणी सोडलं. पुन्हा ओंजळ भरली, पुन्हा म्हणाले. तिसऱ्या वेळी शब्द निघालाच नाही, नुसतं पाणी पडलं. चौऱ्याऐंशी वर्षांचा माणूस लहान पोरासारखा हुंदके देत होता, आणि कैलासला पहिल्यांदाच आपल्या फोनची लाज वाटली. साधी, सरळ लाज.

काही वेळानं नानाजींनी धोतरानं तोंड पुसलं. "मले जन्म देऊन गेली म्हणे. किती वर्सांची होती?"

रुखमाबाई चमकली. "कोण म्हणलं गेली म्हणून?"

"बुढ्यानं सांगितलं. मरतानी."

"मरतानीबी खोटंच बोलला." रुखमाबाईनं काठी आडवी मांडीवर घेतली. "आत्या कायले मरते? सत्तरीपर्यंत जगली. तुमच्याच वावरात कापूस येचत होती, पाटील. जंगूची बुढी म्हणत तिले सारे."

कैलासच्या डोळ्यांपुढे एकदम ती उभी राहिली. वाळकी, काळी, कमरेत वाकलेली, ओटीत कापूस घेऊन वजनकाट्यापाशी रांगेत शेवटी उभी राहणारी. तिला नाव असेल असं त्याला कधी वाटलंच नव्हतं.

"अठरा वर्सांची होती, घरकामाले होती इथं," रुखमाबाई सांगू लागली. "गुलाबरावाच्या बायकोले लेकरू नव्हतं. ह्या पोरीचं पोट दिसाले लागलं तशी बायकोले माहेरी धाडलं. पोरगं झोपडीत झालं, वावरातल्या. दहाव्या दिवशी नेलं. बायको माहेरून लेकरू घेऊनच आली, पेढे वाटले गावात. आत्याले म्हणलं, गप राह्यली त कामाले येत जाय, लेकरू दिसत राहीन. बोलली त तुह्या भावाचं घर उठवीन टोल्यावरून. ते गप राह्यली. लगनबी नाई केलं. तुम्ही शाळेत जा तवा रस्त्यानं उभी राहे."

"मी तिले बोललो हाय," नानाजी म्हणाले. ते कुणाला सांगत नव्हते. "कापसात पाती, कचरा हाय म्हणून. साऱ्यांसमोर. किती डाव बोललो."

"अन् अखजीचा नेम?" अपेक्षानं हळूच विचारलं.

"तेच सांगतो ना. दर अखजीले तिले इथून पान ये. चिंचेखाली. त्या दिवशी काम नसे, तरी येऊन बसे ते. घरी येऊन साऱ्यायले सांगे, आज माह्या पोरानं मले जेवू घातलं."

मोहिनीनं पदर तोंडाला लावला.

"तिले ठाऊक होतं, ते पितराचं पान हाय म्हणून?" धनंजयनं विचारलं.

"होतं ना. बेवारशी पान, घरचं कोणी खात नाई, तेबी ठाऊक होतं. हसे ते. म्हणे, मेल्यावर कोण पाहाले येते, जित्तेपणीच खाऊन घेतो." रुखमाबाई स्वतःही किंचित हसली, आणि ते हसू लगेच गेलं. "शेवटल्या वर्सी मात्र उपाशी परत आली. भर उन्हात, पायी. आम्ही इचारलं, काऊन वो? म्हणे, आज पोरगं घरी नसन. दुसरं काही बोलली नाई. पावसाळा नाई पाह्यला तिनं."

"मी कधी अखजीले घर सोडलं नाई," नानाजी म्हणाले. "घरीच होतो मी."

कैलासला बसवेना. त्या वर्षी त्याला नोकरी लागली होती, मोहिनीची या घरातली ती पहिली अखजी होती, आणि शाळेतले दोन मास्तर त्यानं मुद्दाम जेवायला बोलावले होते. त्यांच्यासमोर ती म्हातारी चिंचेखाली बसून खोकत होती. आईच्या हातातून सहावं पान त्यानंच घेतलं होतं. "हे काय दरसालचं भिकाऱ्यावानी," असं तो म्हणाला होता, तिला ऐकू जाईल इतक्या मोठ्यानं, आणि पान नेऊन गाईपुढं ठेवलं होतं. गाईनं ते संपवेपर्यंत म्हातारी पाहत होती. मग बुंध्याला धरून उठली आणि गेली. एवढंच. तीस वर्षांत त्याला ते एकदाही आठवलं नव्हतं, कारण आठवण्यासारखं त्यात काही आहे असं त्याला वाटलंच नव्हतं.

हे सांगितलंच पाहिजे असं नव्हतं. कुणाला ठाऊक नव्हतं. कालच्या फोनसारखं तेही दडपता आलं असतं.

"त्या वर्सी पान मी गाईले घातलं," तो म्हणाला.

अपेक्षा बापाकडे पाहत राहिली. रुखमाबाईनं चष्मा काढला आणि लुगड्याच्या पदरानं पुसत बसली.

नानाजींनी मान वर केली नाही. "ठाऊक हाय मले," ते म्हणाले. "तू बोलला ते आतून ऐकलं होतं मी. वाटलं, जाऊ दे, पाहुण्यायसमोर कायले बोलाचं." त्यांनी हात पुढे केला, पण तो कैलासपर्यंत पोचला नाही, मध्येच जमिनीवर टेकला. "दोघायनं मिळून उपाशी धाडली तिले."

रुखमाबाईला पंचफुलाच्या पानावर बसवलं. मोहिनीनं तिला आग्रह करून वाढलं, आणि ती डोळे पुसत जेवली. धनंजय तिच्या शेजारी बसला, विक्की त्याच्या शेजारी. नानाजींना घास गिळवेना, पण ते ताटावरून उठले नाहीत.

कैलाससमोरही पान आलं होतं. त्यानं त्याला हात लावला नाही. दोन्ही हातांनी ते उचललं आणि तो उभा राहिला.

"तुमचं पान कुठी नेऊन राह्यले?" मोहिनीनं विचारलं.

"एक राह्यलं होतं," तो म्हणाला.

अनवाणी तो अंगणात उतरला. जमीन तापली होती, चालणं कठीण होतं, आणि तरी त्याला घाई करता येत नव्हती, कढी सांडली असती. लहानपणी तो चिंचेजवळ येऊन पान दुरूनच जमिनीवर ठेवायचा आणि "ए बुढे, घे" म्हणून पळायचा. आज तो खाली बसला. बुंध्याजवळची जागा हातानं झाडली, पान ठेवलं, शेजारी पाण्याचा पेला ठेवला. मग म्हणाला, "आजी, जेवून घे."

गोठ्यातली गाय मोकळी होती. वासावर ती हळूहळू जवळ आली आणि तिनं पानाकडे मान लांबवली. कैलासनं तिला हाकललं. ती थोडी लांब जाऊन उभी राहिली, पुन्हा आली, त्यानं पुन्हा हाकललं. आतून मोहिनीनं दोनदा हाक मारली, मग अपेक्षा येऊन दारात उभी राहिली आणि परत गेली. पोळीवरचं तूप उन्हानं पानभर पसरलं, रसावर साय धरली. ऊन कलेपर्यंत तो गाईला हाकलत तिथंच बसून होता.